तांबेरा फवारला, तरी वेल हिरवीगार! दरवर्षी कुठे चुकतं?

तक्रार एकच असते, माणसं तेवढी बदलतात. "जुलैत फवारलं. ऑगस्टच्या शेवटी जाऊन पाहिलं. एक ठिपका नाही! वेल आपली मजेत." मागच्या हिवाळ्यात हे मला पर्थच्या एका मराठी ताईंनी विचारलं, त्याआधी मेलबर्नच्या एका काकांनी, आणि त्याच्याही आधी सलग तीन हिवाळे मीच मला विचारत होतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. वेल म्हणजे ब्रायडल क्रीपर नावाचं तण, आणि तांबेरा म्हणजे पानांवर गंजासारखे फोड आणणारी बुरशी, जी ते तण आटोक्यात यावं म्हणून आम्ही त्याच्यावर मुद्दाम फवारतो. मी शास्त्रज्ञ नाही. अ‍ॅडलेडच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर रविवारी सकाळी तण उपटायला जाणाऱ्या आठ-दहा जणांपैकी एक आहे, आणि लहानपण सांगली जिल्ह्यात सोयाबीनच्या सऱ्यांमधून गेलंय. या कामात शेवटी दुसरी गोष्टच जास्त उपयोगी पडली.

ज्यांना ही वेल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रायडल क्रीपर ही आपल्या शतावरीची चुलतबहीण. मूळची दक्षिण आफ्रिकेची. एकोणिसाव्या शतकात बागेत लावायला म्हणून ऑस्ट्रेलियात आली. नाजूक, चकचकीत पानांची म्हणून नवरीच्या गुच्छात घालायचे, त्यावरून नाव पडलं. (पानं म्हणतोय खरं, पण शतावरीसारखंच इथेही ती पानं नाहीत, चपट्या झालेल्या बारीक फांद्या आहेत. बोलताना पानंच म्हणू.) पहिल्या पावसाला जमिनीतून वर येते, हिवाळाभर (इथला हिवाळा जून ते ऑगस्ट) झुडपांवर चढते, ऑगस्ट-सप्टेंबरात पांढरी फुलं, मग हिरवी फळं, ती लाल होतात, पक्षी खातात आणि बी दहा ठिकाणी नेऊन टाकतात. उन्हाळ्यात वेल वाळून नाहीशी होते. नाहीशी म्हणजे डोळ्यांना. खाली कंदांची जाड गादी शाबूत असते. कुदळ घातली तर स्थानिक झुडपांची मुळंही त्याच गादीत गुंतलेली निघतात, म्हणून नुसतं खणून काढणं मोठ्या जागेवर जमत नाही. सिडनीच्या पश्चिमेला पिमेलिया स्पायकाटा नावाचं एक दुर्मीळ झुडूप या वेलीखाली गुदमरतंय.

तेव्हा सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने वेलीच्या मूळ देशातून तिचे शत्रू आणले. 1999 मध्ये एक तुडतुडा, 2000 मध्ये पक्सिनिया मिर्सिफिली नावाचा तांबेरा, 2002 मध्ये पानं खाणारा एक भुंगेरा. या तिघांत सगळ्यात जास्त काम तांबेऱ्याने केलं. तो फक्त याच वेलीवर जगतो, बाजारातल्या खायच्या अ‍ॅस्परॅगसला हात लावत नाही. पहिली काही वर्षं शाळकरी मुलं, शेतकरी, आमच्यासारखे गट, अशा सगळ्यांनी मिळून तो जागोजागी नेऊन सोडला. आता बऱ्याच ठिकाणी तो वाऱ्याने आपला आपण पसरतो. जिथे पोचत नाही किंवा पोचून टिकत नाही, तिथे आपण फवारतो. आणि तिथेच गाडी अडते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काम पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आरं, हितं आम्ही तांबेरा पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतोय, आन तू तो पडावा म्हणून फवारतोस?"

हसण्यावारी नेलं तेव्हा. पण गुरुकिल्ली त्याच वाक्यात होती, ती मला तिसऱ्या वर्षी सापडली.

फवारणी म्हटलं की आपल्या डोक्यात औषध येतं. डब्यावरचं प्रमाण वाचलं, पंप भरला, मारलं, आठ दिवसांत निकाल. तांबेरा हे औषध नाही, तो रोग आहे. रोग मारता येत नाही, लावावा लागतो, आणि लागला की जपावा लागतो. अण्णा सोयाबीनवर तांबेरा येऊ नये म्हणून जे जे करतात त्याच्या नेमकं उलट आपल्याला करायचंय. ते दाट पेरा टाळतात, आपल्याला दाटी हवी. ढगाळ हवा आणि झिमझिम लागली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आपण नेमके तेच दिवस गाठायचे. पहिला डाग दिसल्याबरोबर ते हेक्झाकोनॅझोलसारखं बुरशीनाशक मारायला पंप बाहेर काढतात, आपण पहिला डाग दिसला की तिथे कुणाला फिरकू द्यायचं नाही.

आता एकेक बघू.

खरंच लागला नाही, की तुम्हाला दिसला नाही?

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. वरून बघून काही कळत नाही. वरच्या बाजूला फार तर फिकट पिवळा ठिपका असतो. पान उलटा. मागच्या बाजूला नारिंगी-पिवळे बारीक फोड असतील, गोल गोल मांडल्यासारखे. शंका असेल तर पान पांढऱ्या रुमालावर हलकेच घासा. हळदीत केशर मिसळल्यासारखी पूड लागली तर तो तांबेराच. अण्णा हे धोतराच्या सोग्यावर करायचे, आणि आई त्यावरून रागवायची, कारण तो डाग सहज जात नाही.

फवारल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे धरा, गारठा जास्त असला तर आणखी थोडे. दहाव्या दिवशी जाऊन "काही नाही" म्हणून परत फिरणारे पुष्कळ. हंगाम संपत आला की नारिंगी फोडांच्या जागी काळपट फोड दिसू लागतात. तेही त्याच बुरशीचं, फक्त पुढची अवस्था. ते बघून "हा दुसराच कसला तरी रोग" म्हणून फांद्या उपटून टाकू नका.

उलट चूकही होते. पान पांढुरकं झालंय, ठिपकेदार, रंग उडाल्यासारखं, पण रुमालाला काही लागत नाही. ते काम तुडतुड्याचं. पान उलटलं की बारीक फिकट किडे टुणकन उडतात. चांगलंच आहे, राहू द्या, पण तांबेऱ्याच्या खात्यावर जमा करू नका.

वेल तीच आहे ना?

हे मी आधी विचारायला हवं होतं. आमच्या टेकडीवर एका ओढ्याकाठी दोन वर्षं फवारत होतो ती ब्रायडल क्रीपर नव्हतीच. ती तिची धाकटी बहीण, ब्रायडल व्हेल. ती पण दक्षिण आफ्रिकेची, ती पण कंदवाली, ती पण हिवाळ्यात वाढणारी, पण पानं सुईसारखी बारीक, आपल्या शतावरीच्या जवळ जाणारी. ब्रायडल क्रीपरचं पान कसं, करंगळीच्या नखाहून मोठं, टोकदार, पानासारखं पान. तांबेरा ब्रायडल व्हेलला ढुंकूनही विचारत नाही. गुडघाभर दव तुडवत दोन हिवाळे आम्ही गेलो, आणि एका बाईंनी चष्मा पुसून सांगितलं, "ही ती नाहीच."

दुसरी भानगड जास्त अवघड आहे. ब्रायडल क्रीपरचाच एक वेगळा प्रकार आहे, वेस्टर्न केप प्रकार म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात आणि त्याला लागून असलेल्या व्हिक्टोरियात तो सापडतो. नवशिक्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण 2000 साली सोडलेला तांबेरा या प्रकाराला काही करत नाही. तुम्ही त्या भागात असाल, चार वर्षं सगळं नीट करताय, शेजारची वेल नारिंगी झालीय आणि ही मात्र कोरी, तर फवारणं थांबवा. फांदीचा नमुना राज्याच्या वनस्पती संग्रहालयाकडे किंवा स्थानिक तण अधिकाऱ्याकडे द्या. तो प्रकार निघाला तर तिथे खणणं आणि तणनाशक हेच मार्ग, आणि जागा लहान असतानाच. बुरशीची वाट बघत बसलात तर तिला मोकळं रान.

अशी चोखंदळ बुरशी म्हणजे काही नवल नाही. ऑस्ट्रेलियात 1971 मध्ये गव्हाच्या शेतातल्या स्केलेटन वीडवर इटलीहून आणलेला तांबेरा सोडला. परदेशी तणावर मुद्दाम रोग सोडण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. यश दणदणीत मिळालं, पण अर्धंच. त्या तणाचे तीन प्रकार होते, तांबेऱ्याने अरुंद पानांचा प्रकार झोपवला, आणि त्याची जागा रिकामी झाल्यावर बाकीचे दोन पसरले. ब्रिटनमध्ये नदीकाठ व्यापून बसलेला हिमालयातला तेरडा, म्हणजे आपल्या गौरीच्या तेरड्याचा थोराड भाऊ, त्याच्यावरही 2014 पासून हिमालयातूनच नेलेला तांबेरा सोडताहेत. तिथेही काही ठिकाणचा तेरडा बळी पडतो, काही ठिकाणचा नाही. कुलूप तेच दिसतं, किल्ली मात्र फिरत नाही. गव्हाच्या वाणांबद्दल आपले शेतकरी हेच बोलतात, "हा तांबेऱ्याला बळी पडतो, हा पडत नाही." तणालाही वाण असतात, एवढंच आपल्या लक्षात राहत नाही.

ओल. ओल. ओल.

वेल बरोबर आहे, बुरशी बरोबर आहे, तरी लागत नाही, तर दहापैकी आठ वेळा कारण हे. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तांबेऱ्याचा बीजाणू, म्हणजे त्या नारिंगी पुडीतला एकेक कण, पानावर पडला म्हणजे रोग लागला, असं नाही. आधी तो रुजावा लागतो, बी रुजतं तसाच. त्यातून एक बारीक नळी निघते, ती पानावरचं छिद्र शोधते आणि आत शिरते. हे सगळं होईपर्यंत पानावर पाण्याचा पातळ थर सलग राहिला पाहिजे. मधेच पान सुकलं तर बाहेर आलेली नळी वाळून मरते, आणि तो बीजाणू पुन्हा प्रयत्न करायला उरत नाही. म्हणजे तासभर ओल देऊन मग वाळवणं हे अजिबात ओल न देण्यापेक्षा वाईट. तुम्ही त्याला दार उघडायला लावलंत आणि बाहेरच ठेवलंत.

माझं पहिलं वर्ष असंच वाया गेलं. छान ऊन पडलेला रविवार, सकाळी दहाला सगळे जमलो, चहा झाला, अकराला फवारणी सुरू. पाऊण तासात पानं कोरडी ठणठणीत. वर उन्हाचा मारा, तो बीजाणूंना वेगळाच भोवतो. माणसांच्या सोयीने वेळ ठरवली, बुरशीच्या नाही.

आता आम्ही फवारतो ते संध्याकाळी, सूर्य टेकडीमागे गेल्यावर. दिवस निवडायचा तो असा की रात्री पाऊस किंवा दाट धुकं नक्की, किंवा वारा पडलेला आणि आभाळ स्वच्छ, म्हणजे दव भरपूर. वारा असेल तर सरळ घरी जायचं. वाऱ्याच्या रात्री दव धरत नाही. अण्णांची खूण मला इथेही उपयोगी पडते. दुपारी चारला गवतावरून अनवाणी चाला. पाय कोरडे राहिले तर उद्याच्या दवाची खात्री नाही, तळव्याला गार ओलसर लागलं तर कामाला लागा. यामागे शास्त्र काय ते मला विचारू नका, पण चार हिवाळ्यांत ती खूण दोनदाच चुकली.

हवामानावर भरवसा नसेल तर प्लास्टिक. फवारल्यावर वेलीच्या झुबक्यावर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी किंवा ताडपत्रीचा तुकडा पांघरायचा, कडा दगडांनी दाबायच्या. आतली पानं रात्रभर भिजलेली राहतात. सकाळी ऊन चढायच्या आत काढायचं, नाहीतर आत भाजी शिजते. अख्खी टेकडी झाकायची गरज नाही. चार-पाच झुबके झाकले आणि तिथे रोग लागला की पुढचं काम वारा करतो.

जागाही तशीच निवडा. उताराच्या दक्षिणेकडची सावली, ओढ्याची खोबण, दाट झुडपाचा आतला भाग. (भारतात वाढलेल्यांनी दिशा उलटी करून वाचायची. इथे ऊन उत्तरेकडून येतं. पहिल्या वर्षी मी ही चूकही केली होती.) कुंपणाच्या तारेवर एकटी चढलेली, उन्हात वाळणारी वेल दिसायला सोपी, फवारायला सोपी, पण रोग लावायला सगळ्यात नालायक.

बादली, पाणी, पंप

पद्धत सोपी आहे. रोग लागलेल्या ताज्या फांद्या, मागे फोड भरलेल्या, बादलीत घ्यायच्या, वर पाणी ओतायचं आणि हाताने खळबळायचं. पाणी मेंदीच्या पाण्यासारखं गढूळ नारिंगी झालं की कापडातून गाळून पंपात. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात वापरायचं. पाण्यात भिजलेला बीजाणू रुजायची तयारी करायला लागतो, त्याला बाटलीत भरून पुढच्या रविवारपर्यंत ठेवलंत तर तो बाटलीतच संपतो. मी ठेवली होती. फ्रिजमध्ये. बायको अजून विचारते, ते मँगो पल्प कधी काढलं होतं म्हणून.

पाणी पावसाचं घ्या. या राज्यात घरोघरी पावसाच्या पाण्याच्या टाक्या आहेत, तेव्हा अडचण नाही. नळाचंच घ्यावं लागलं तर आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा, क्लोरीन थोडं उडून जाऊ द्या.

पंप मात्र वेगळा ठेवा, याच कामाचा. आमचं दुसरं वर्ष यात गेलं. गटातल्या एकाने घरचा पाठीवरचा पंप आणला, "तीन पाण्यांनी धुतलाय" म्हणाला. त्याच पंपाने त्याने गुलाबांवर बुरशीनाशक मारलेलं होतं. बुरशीनाशकाच्या पंपातून बुरशी फवारली, मग काय होणार? तणनाशकाचा पंप असेल तर आणखी वेगळी गंमत: पान पिवळं पडतं, आपल्याला वाटतं रोग लागला, आणि मेलेल्या पानावर तांबेरा जगतच नाही. त्याला जिवंत पान लागतं. हा मुद्दा पुढेही येणार आहे.

नोझल वर धरून पानांच्या खालून मारा. वरून अंघोळ घालू नका.

फांद्या एका जागेवरून दुसरीकडे नेताना एक काळजी घ्यायची. ही वेल इथे घोषित तण आहे, तिची ने-आण करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा आधी तण अधिकाऱ्याला विचारा. आणि फांदीला फळ किंवा कंद लागून आलेला नाही ना, हे पिशवी बांधण्याआधी दोघांनी बघा. रोग न्यायला निघालो आणि तण पेरून आलो, असं नको.

फार उशीर केलात का?

उन्हाळ्यात वेल जमिनीवर नसते, म्हणजे तांबेऱ्याला खायला काही नसतं. दर हिवाळ्यात त्याला जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागते. एका पिढीला दोन-तीन आठवडे धरले तर जूनच्या मध्याला लावलेला रोग वसंतापर्यंत चार-पाच फेऱ्या करतो, आणि दर फेरीला तो कित्येक पट होतो. सप्टेंबरात लावलात तर एक-दोन फेऱ्या, तोवर फळं धरलेली असतात आणि वेल आपल्या हिशेबाने वाळायला निघालेली. तुमच्या फवाऱ्याने ती वाळली असं तुम्हाला वाटतं, एवढाच फायदा. वेल हातभर वाढली, पानं कोवळी आणि भरपूर झाली, की लगेच लावा. वाट बघू नका.

आपल्याच माणसाने घात केला का?

चौथ्या वर्षी सगळं जमून आलं. ओढ्याच्या खोबणीत खोलीएवढ्या जागेत वेल नारिंगी झाली होती, रुमाल लावला की रंग. तिथून फांद्या काढून बाकीच्या टेकडीवर फवारायचं ठरलं. पुढच्या रविवारी गेलो तर सगळं तपकिरी. गटातल्याच एका उत्साही काकांनी मधल्या वारी एकटं येऊन तिथे तणनाशक मारलं होतं. "एवढी दाट होती, म्हटलं आधी तीच संपवू." त्यांचा हेतू चांगलाच होता. वेल गेली, तिच्याबरोबर आमचा सगळा बीजाणूंचा साठा गेला.

तेव्हापासून अशा जागेभोवती आम्ही लाल फीत बांधतो आणि पाटी लावतो: "इथलं तण उपटू नका, हे आजारी आहे." नवीन माणसं पाटी वाचून थबकतात. पण नियम सोपा आहे. रोगाची जागा म्हणजे आपली रोपवाटिका. तिला तीन-चार वर्षं हात नाही. तणनाशक आणि कुदळ चालवायची ती कडेने, जिथे वेल तुरळक आहे, नवी पसरतेय. दाटीत बुरशी, तुरळकात माणूस. उलट केलंत तर दोन्ही वाया जातं, कारण तुरळक वेलींवर रोग एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारायला कष्ट पडतात.

लागला, पण वेल मरत का नाही?

ही तक्रार आनंदाची आहे. पण अपेक्षा चुकीची असते. तांबेरा कंद खात नाही. तो पानं घालवतो, पानं गेली की कंदाला रसद मिळत नाही, फुलं कमी येतात, फळं कमी धरतात. एका हिवाळ्यात कंदाची पुंजी थोडी घटते, पुढच्या हिवाळ्यात आणखी थोडी. आमच्या ओढ्यात पहिला जोरदार रोग आला त्या वर्षीही कंद हाताला टणक लागत होते. रोगाच्या तिसऱ्या वर्षी खणले तर बरेचसे सुरकुतलेले, पोकळ, दाबले की पिचणारे. म्हणून मोजायचं ते वर नाही, खाली. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, त्याच ठरलेल्या वीतभर चौकोनात खणून टणक कंद मोजा, आणि फळं लागायच्या दिवसांत एका काठीभोवतीची फळं मोजा. फोटो काढून फसगत होते, कारण हिरवं ते हिरवंच दिसतं.

समूळ नाश होईल का? नाही. आणि बुरशीला तो करायचाही नसतो, वेल संपली तर ती जगणार कुठे? कमी पावसाच्या, आतल्या रखरखीत भागात तर ती जेमतेम तग धरते, तिथे तिच्यावर विसंबू नका.

आणि एक. वेल विरळ झाली की ती जागा रिकामी राहत नाही. या वेलीखालच्या मातीत फॉस्फरस वाढलेला असतो, आणि ऑस्ट्रेलियाची स्थानिक झाडं गरीब मातीला सरावलेली. तेव्हा पहिलं कोण येतं, तर दुसरं परदेशी तण. आमच्याकडे युरोपातलं गवत आलं. तेव्हा काय लावायचं, रोपं कुठून आणायची, हे तांबेरा लागल्याबरोबर ठरवा, वेल मेल्यावर नाही.

"आमच्याकडच्या गाजरगवताला चालेल का?"

गावाकडून हा प्रश्न हमखास येतो. तर आधी सांगतो: सुटकेसमधून पान, पूड, रुमाल, काहीही आणणार नाही आणि तुम्हीही कुणाला आणायला सांगू नका. हा तांबेरा गाजरगवताला लागणार नाहीच, पण त्या पिशवीत बाकी काय काय येईल याचा भरवसा नाही. परदेशातला सजीव सोडायचा तर सरकारी परवानगी, विलगीकरण आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात, आणि त्या लागायलाच हव्यात.

गाजरगवताचे स्वतःचे तांबेरे आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मेक्सिकोहून आणलेले दोन सोडले, एक 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, दुसरा शेवटी. त्यातल्या एकाला गारवा मानवतो, दुसरा उष्ण भागात बरा चालतो. भारतात गाजरगवताचा मुख्य शत्रू म्हणून 1984 मध्ये बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगा आहे, पावसाळ्यात तो महाराष्ट्रातही पानं फस्त करताना दिसतो, तो बुरशी नव्हे, किडा. बुरशीचा भारतातला मोठा प्रयोग झाला तो मिकानिया वेलीवर: 2005 मध्ये आसामच्या चहामळ्यांत आणि 2006 मध्ये केरळात ट्रिनिदादहून आणलेला तांबेरा रीतसर सोडला, पण तो टिकला नाही. पॅसिफिकमधल्या बेटांवर तीच बुरशी मात्र रुजली. आसाम-केरळात ओलीची काय कमतरता? म्हणूनच मी वर दहापैकी आठ म्हटलं, दहापैकी दहा नाही.

या वर्षी आमच्या खोबणीत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला फोड दिसला, गेल्या वर्षीपेक्षा बारा दिवस आधी. पानाचा जवळून फोटो काढला आणि उत्साहात अण्णांना पाठवला, खाली काही न लिहिता. पाच मिनिटांत फोन. हॅलो नाही, काही नाही.

"लय पडलाय की रं. हेक्झाकोनॅझोल मारून घे लगेच, उद्यावर टाकू नगं."